वॉर्डातली हात स्वच्छता: सिस्टर, डॉक्टर, मामा-मावशी (वॉर्डबॉय आणि आया) आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली बरीच वर्षं मी रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून काम करते. राऊंडला, ट्रेनिंगला, कधी जिन्यात थांबवूनही लोक मला हातांबद्दल विचारतात. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, पण विचारणाऱ्याची अडचण खरी असते. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून हात धुतोय. आता पुन्हा ट्रेनिंग कशाला?

हात कसे धुवायचे हे बहुतेकांना येतं. घोडं अडतं ते कधी धुवायचे इथे. २०१० साली ९६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात जिथे हात स्वच्छ करायला हवे होते, त्यातल्या साधारण ४० टक्के वेळाच ते केले गेले असं दिसलं. डॉक्टरांचं प्रमाण ३२ टक्के, नर्सेसचं ४८. आणि त्याच आढाव्यातले हे दोन आकडे मी प्रत्येक ट्रेनिंगला फळ्यावर लिहिते: रुग्णाला हात लावण्याआधी २१ टक्के, हात लावून झाल्यावर ४७ टक्के.

सगळं दुखणं या दोन आकड्यांत आहे. जखम बघून झाली, युरिन बॅग रिकामी करून झाली की आपल्याला किळस येते, घरचं लहान मूल आठवतं, आणि पाय आपोआप बेसिनकडे वळतात. रुग्णाला हात लावण्याआधी असं काहीच वाटत नाही. तेव्हा धोका आपल्याला नसतो, त्याला असतो, आणि तो काही दिसत नाही. म्हणजे आपण हात धुतो ते बरेचदा स्वतःसाठी. हे वाईट नाही, माणसाचा स्वभावच तो. पण त्या स्वभावावर सोडून दिलं तर रुग्णाच्या वाट्याचं हात धुणं राहून जातं.

हात स्वच्छ करायचे ते 'पाच क्षण' नेमके कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेने ते ठरवून दिले आहेत आणि २००९ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांपासून जगभर तेच वापरले जातात. रुग्णाला हात लावण्याआधी. कुठलंही निर्जंतुक काम करण्याआधी, म्हणजे कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी), इंजेक्शन, ड्रेसिंग, सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), कॅथेटर (लघवीची नळी). रक्त, लघवी, थुंकी, पू यांच्याशी संबंध आल्यावर, किंवा तसा संशय असला तरीही. रुग्णाला हात लावून झाल्यावर. आणि रुग्णाला अजिबात हात न लावता त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावला असेल तर त्यानंतरही.

पाचवा क्षण सगळ्यात जास्त विसरला जातो. "मी पेशंटला हात कुठे लावला, नुसती सलाईनची स्पीड बघितली," असं म्हणतात. पण बेडची कठडी, लॉकर, मॉनिटरची बटणं, सलाईनचं चाक यांवर त्या रुग्णाचे जंतू असतातच. असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएल्ला, स्टॅफिलोकोकस हे जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडे, कधी महिनेही तग धरतात. रुग्ण घरी गेला तरी त्याचे जंतू कठडीवर मुक्कामाला असतात.

मी रब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) वापरतेच. तरी हात स्वच्छतेच्या ऑडिटमध्ये माझं 'चुकलं' असं का येतं?

याचं उत्तर एका सकाळच्या दृश्यातून देते. असं दृश्य मी अनेक वॉर्डांत पाहिलं आहे.

साडेनऊची वेळ, मेडिसिन वॉर्ड, अँटिबायोटिक द्यायची घाई. सिस्टर नर्सिंग स्टेशनवर उभी राहून रब घेते आणि अगदी मन लावून सगळ्या स्टेप्स करते. मग ट्रॉलीचा दांडा धरून बेड नंबर ११ पर्यंत ढकलत नेते. पडदा सरकवते. आजोबांचा हात कॅन्युला दिसेल असा वळवते. कठडी अडते म्हणून ती खाली करते. कपाळावर आलेली बट कानामागे सारते. केस पेपर उघडून डोस पुन्हा वाचते. आणि मग कॅन्युलाचं झाकण उघडून इंजेक्शन देते. दिल्यावर परत येऊन पुन्हा रब घेते.

तिच्या मनात तिने दोनदा हात स्वच्छ केले आहेत, आणि केलेही आहेत. पण ज्या क्षणी आजोबांच्या शिरेकडे जाणारी वाट उघडली, त्या क्षणी तिच्या बोटांवर ट्रॉलीचा दांडा, पडदा, कठडी, केस आणि केस पेपर होते. पडदा शेवटचा कधी धुतला हे वॉर्डात कुणाला विचारून बघा.

यात तिचा आळस नाही, अज्ञान तर मुळीच नाही. रबची बाटली चुकीच्या जागी आहे. तीच बाटली ट्रॉलीवर किंवा बेडच्या पायथ्याशी असती, तर सगळी तयारी झाल्यावर, झाकण उघडायच्या आधी, तिने हात तिथल्या तिथे चोळले असते. म्हणून कुठल्याही वॉर्डात मी आधी बाटल्या कुठे आहेत ते बघते, माणसं नंतर. उभ्या जागेवरून हात लांब केला की बाटली हाताला लागली पाहिजे.

हँड रब चांगला की साबण-पाणी?

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचा रब. तो जंतू जास्त लवकर मारतो, त्यासाठी बेसिनपर्यंत जावं लागत नाही, आणि त्वचेलाही साबणापेक्षा सोसतो. हाताला रक्त, मळ, चिकटपणा असेल, तसंच संडासला जाऊन आल्यावर आणि जेवणाआधी साबण-पाणीच हवं. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूमुळे जुलाब होत असलेल्या रुग्णाकडेही साबण-पाणीच, कारण त्याच्या बीजाणूंवर, म्हणजे जंतूच्या टणक, टिकाऊ रूपावर, अल्कोहोल चालत नाही. घासून आणि पाण्यानेच ते हातावरून निघून जातात.

दोन्ही लागोपाठ करू नका. साबणाने धुतलेल्या ओल्या हातांवर रब घेतला तर त्याची ताकद कमी होते आणि हातही फाटतात.

किती घ्यायचा आणि किती वेळ चोळायचा?

तळहाताच्या खळग्यात मावेल इतका. एक थेंब घेऊन दोनदा हात झटकले की झालं, असं होत नाही. रब २० ते ३० सेकंद चोळायचा, तो हातावरच वाळला पाहिजे. साबण-पाण्याला सगळं धरून ४० ते ६० सेकंद लागतात. रब दहाच सेकंदांत वाळला तर तो कमी घेतला गेला, असं समजा आणि पुन्हा घ्या.

क्रम लक्षात ठेवायला हिंदीतलं 'सुमन-के' आपल्याकडच्या रुग्णालयांत सगळ्यांना पाठ असतं: सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगुठा, नाखून, कलाई. मी मराठीत सांगताना म्हणते, आधी तळवे, मग हातांची मागची बाजू आणि बोटांच्या बेचक्या, मग मूठ, अंगठा, बोटांची टोकं, मनगट. हमखास कोरडे राहतात ते अंगठा आणि बोटांची टोकं. आणि रुग्णाला सगळ्यात आधी लागतात तीच. नाडी बघायची बोटांच्या टोकांनी, शीर चाचपायची बोटांच्या टोकांनी. म्हणून मी नवीन मुलींना सांगते, घाईच असेल तर रब आधी बोटांच्या टोकांना लावा आणि मग बाकीचं करा.

ग्लोव्हज घातले आहेत, मग हात कशाला?

ग्लोव्हजमध्ये डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात, आणि ते काढताना हात हमखास माखतो. म्हणून घालण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा हात स्वच्छ करायचे. पण याहून मोठा धोका वेगळा आहे. ग्लोव्हज घातले की आपल्याला आपण सुरक्षित वाटतो, आणि मग तेच ग्लोव्हज घालून आपण फोन उचलतो, दाराची कडी धरतो, पुढच्या बेडवर जातो.

हे मी स्वतः केलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, रात्रपाळीत, एका आजींची सक्शन झाली आणि शेजारच्या बेडवरच्या बाईंचा मॉनिटर वाजायला लागला. मी तशीच धावले आणि त्यांची नळी त्याच ग्लोव्हजने सरळ केली. पुढच्या आठवड्यात त्या बाईंच्या थुंकीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) आजींच्या रिपोर्टमधलाच जंतू आला. तो माझ्याच हातून गेला असं कुणी सिद्ध केलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण ते दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघितलेलं मला अजून आठवतं. मी या कामाकडे वळले त्याला ती रात्रही कारण आहे.

ग्लोव्हजवर रब चोळून तेच पुढे वापरणं हा उपाय नाही. एक रुग्ण, एक काम, एक जोडी.

चाळीस पेशंटना दोन सिस्टर. पाच क्षण पाळायला वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न ऐकून मी कधीही "वेळ काढला की मिळतो" असं म्हणत नाही. माणसं कमी असली की हात स्वच्छता घसरते, हे अभ्यासांतही दिसलं आहे आणि ज्याने पाळी केली आहे त्याला न शिकताही ठाऊक आहे. मनुष्यबळाचा प्रश्न सिस्टरच्या माथी मारून भागणार नाही.

पण हिशोब करून बघा. समजा, तासाला दहा वेळा हात स्वच्छ करायची वेळ येते. बेसिनवर जाऊन दर वेळी एक मिनिट धुतलं तर दहा मिनिटं, आणि जाण्या-येण्यासकट पंधरा. म्हणजे पाळीचा पाव भाग नळाखाली. हे कुणालाही जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून आपण मान खाली घालायचीही गरज नाही. तेच बेडपाशी रब असेल तर दहा वेळांना फार तर पाच मिनिटं, आणि तीही रुग्णाशी बोलता बोलता: "काय काका, झोप लागली का रात्री?" विचारेपर्यंत हात वाळतात. कामाचा क्रम लावला तर वेळाही कमी होतात. एका रुग्णाची सगळी कामं एकदम केली तर बेडवरून बेडवर उड्या कमी पडतात.

बांगड्या, अंगठी, राखी, घड्याळ यांचं काय?

या प्रश्नावर मुली सगळ्यात जास्त अवघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अंगठीखाली आणि बांगड्यांच्या फटीत ओल राहते, आणि तिथे जंतू टिकतात. रब मनगटापर्यंत पोचतच नाही. राखी किंवा देवळातला दोरा तर दिवसभर ओला होऊन वाळत राहतो. तोच दोरा आपण जखमेवर वाकताना ड्रेसिंगवरून फिरवतो. शास्त्राच्या दृष्टीने उत्तर एकच आहे: ड्यूटीवर कोपरापासून खाली हात मोकळा. घड्याळ खिशाला अडकवायचं मिळतं.

पण नुकतं लग्न झालेल्या मुलीला "हिरवा चुडा काढ" म्हणणं सोपं नसतं. बाहेर सासूबाई डबा घेऊन उभ्या असतात. मी कुणाला वॉर्डात सगळ्यांसमोर हे सांगत नाही. बाजूला घेऊन सांगते, आणि लॉकरमध्ये एक छोटी डबी ठेवायला लावते. ड्यूटीला आलं की त्यात, घरी जाताना पुन्हा हातात. जिला कडं किंवा चुडा काढणं अजिबात शक्य नाही, तिने तो वर दंडाकडे सरकवून चिकटपट्टीने धरून ठेवावा, म्हणजे मनगट तरी मोकळं राहतं. मंगळसूत्र गणवेशाच्या आत. कडं, गंडा, ब्रेसलेट घालणाऱ्या ब्रदर आणि डॉक्टरांनाही हेच लागू आहे. नियम फक्त बायकांना सांगितला जातो, ही तक्रार मी ऐकली आहे आणि ती खरी आहे.

नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा वाढवू नका, कृत्रिम नखं अजिबात नकोत. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका नवजात अतिदक्षता विभागात १९९७-९८ मध्ये स्युडोमोनास या जंतूची साथ आली आणि १६ बाळं दगावली. तपासात तिचा संबंध लांब नखं असलेल्या नर्सेसच्या हातांशी लागला. मेंदी मात्र चालते.

रबने हात चुरचुरतात, फाटतात. ॲलर्जी आहे का?

बहुतेक वेळा नाही. साबणाने, गरम पाण्याने आणि ओल्या हातांवर ग्लोव्हज घालून त्वचा आधीच फाटलेली असते. अल्कोहोल त्या भेगांत लागतं म्हणून झोंबतं. मग माणूस रब सोडून पुन्हा साबणाकडे जातो आणि हात आणखी फाटतात. उलट करून बघा: साबण कमी, थंड पाणी, टिपून कोरडे करणं, पाळी संपल्यावर आणि झोपताना साधं मलम किंवा खोबरेल. चांगल्या रबमध्ये ग्लिसरीन असतंच. खरंच पुरळ उठत असेल, पाणी सुटत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि आम्हालाही सांगा. दुसऱ्या प्रकारचा रब मागवता येतो. लपवून ड्यूटी करू नका, फाटलेल्या हातावर जंतू जास्त टिकतात.

नळाला पाणी नसतं, बाटली रिकामी असते. मग?

मग पालन होणारच नाही, आणि तो दोष कर्मचाऱ्याचा नाही. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या रुग्णालयांत मी मगाने हातावर पाणी घालून घेणाऱ्या सिस्टर पाहिल्या आहेत. अशा ठिकाणी तर रबचं महत्त्व दुप्पट आहे, कारण त्याला पाणीच लागत नाही.

रब महाग म्हणून कमी मागवला जातो, हे कारण टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याला करता येईल असं सूत्रच दिलं आहे: एकात इथेनॉल ८० टक्के, दुसऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के, आणि दोन्हींत ग्लिसरॉल १.४५ टक्के व हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के. यातलं पेरॉक्साइड हातांसाठी नसतं, मिश्रणात आणि बाटलीत येऊन बसलेले बीजाणू मरावेत म्हणून असतं. मात्र हे काम फार्मसीचं, वॉर्डात कुणी मिसळत बसू नये. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे साठा आचेपासून आणि ऑक्सिजनपासून दूर ठेवा.

अर्धी संपलेली साबणाची बाटली वरून भरू नका. रिकामी झाली की धुऊन, वाळवून मग भरायची. बेसिनपाशी अडकवलेला सगळ्यांचा एकच टॉवेल तर आजच काढा.

आमच्या वॉर्डचं ऑडिट ९५ टक्के येतं, तरी संसर्ग कमी होत नाहीत. असं कसं?

ऑडिटच्या टक्क्यांचं गणित साधं आहे. हात स्वच्छ करायला हवे होते अशा जितक्या संधी आल्या, त्यातल्या किती संधींना ते केले, त्याची टक्केवारी. समजा, वीस मिनिटांत १८ संधी आल्या आणि ७ वेळा हात स्वच्छ केले, तर ३९ टक्के. निरीक्षणाचं एक सत्र साधारण वीस मिनिटांचं असतं.

पण हातात कागद आणि पेन घेतलेली बाई वॉर्डात शिरली की सगळ्यांचे हात बाटलीकडे जातात. मी दिसले की वॉर्डात अल्कोहोलचा वास सुटतो, हे मला माहीत आहे. शिवाय काही ठिकाणी ऑडिट सकाळी, ठरल्या वारी, त्याच वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर करतात. आकडा खाली आला तर बोलणी बसणार असतील, तर तो खाली कसा येईल? राष्ट्रीय मानांकनाची किंवा 'कायाकल्प' या सरकारी स्वच्छता पुरस्काराची पाहणी तोंडावर असली की ९५ चे ९८ होतात.

म्हणून आणखी एक आकडा बघा, ज्याला लाजायचं कारण नसतं: किती रब संपला. दर एक हजार रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस भरती म्हणजे एक रुग्ण-दिवस) किमान २० लिटर, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यांकन आराखड्यातली पातळी आहे. वॉर्डाने ९५ टक्के लिहून दिले आणि महिन्याकाठी चारच बाटल्या उचलल्या, तर खरं काय ते स्टोअरचं रजिस्टर सांगतं. मला खरे ४५ टक्के मिळाले तर मी काही करू शकते. ९५ वर मला काहीच करता येत नाही.

मोठ्या सरांना कोण सांगणार?

राऊंडला पुढे कन्सल्टंट, मागे रजिस्ट्रार, हाऊसमन, इंटर्न, शेवटी सिस्टर. पुढच्याने हात चोळले तर मागचे सगळे चोळतात. त्याने सरळ पोटावर हात ठेवला तर मागचेही तसंच करतात. हे आम्ही रोज बघतो आणि अभ्यासांतूनही हेच समोर आलं आहे. एका माणसाने हात स्वच्छ केले की दहा जणांचे होतात, इतकं वजन त्या जागेला आहे.

सांगायची रीत मात्र असावी लागते. "सर, तुम्ही हात धुतले नाहीत" असं रुग्णासमोर इंटर्न म्हणू शकत नाही, आणि तिने म्हणावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. एका वॉर्डात आम्ही ठरवलं की राऊंडला बाटली सिस्टरच्या हातात असेल आणि प्रत्येक बेडपाशी ती काही न बोलता सरांपुढे धरेल. पहिल्या दिवशी सगळे अवघडले. तिसऱ्या दिवशी सरांनी न बघताच हात पुढे केला. महिन्याभरात बाटली विसरली तर तेच विचारायला लागले, "सिस्टर, रब कुठाय?" आम्ही विभागप्रमुखांशी आधी बोलून घेतलं होतं, हे महत्त्वाचं. वरून होकार नसेल तर खालच्या माणसाने धाडस करायचं आणि त्यानेच बोलणी खायची, असं होतं.

मामा-मावशींनाही हे सगळं लागू आहे?

त्यांना तर आधी. रुग्णाला कुशीवर वळवणं, बेडपॅन देणं, चादर बदलणं, स्ट्रेचरवर उचलणं, रुग्णाला सगळ्यात जवळून स्पर्श मामा-मावशींचाच होतो. आणि ट्रेनिंगच्या यादीत त्यांची नावं शेवटी, नाहीतर नसतातच. त्यांना पाच क्षणांचा तक्ता देऊन उपयोग नाही. मी त्यांच्यासोबत एक बेड करते: हा बेडपॅन उचलला, आता हात, आता दुसऱ्या आजींना पाणी द्यायचंय, आधी हात. एका मावशींनी मला विचारलं होतं, "ती बाटली आमच्यासाठी पण असते का ताई?" त्यांना वाटत होतं ती डॉक्टरांची आहे.

मी नातेवाईक आहे. डॉक्टर-सिस्टरना "हात धुतले का" असं विचारलं तर राग येईल का?

विचारा. थेट जमत नसेल तर "सिस्टर, बाटली इथे ठेवलीय हं," एवढंच म्हणा. राग आला तरी तो क्षणाचा असतो. आणि तुमचेही हात तितकेच महत्त्वाचे आहेत: आत येताना, रुग्णाला भरवण्याआधी, युरिन बॅगला हात लागल्यावर, बाहेर जाताना. बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर आईने कांगारू पद्धतीने छातीशी घेण्याआधी आणि दूध काढण्याआधी. दुसऱ्याच्या रुग्णाला "जरा उठवून बसवते" म्हणून मदत करायला जाता ना, त्या मायेपोटीच जंतूही एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातात. आधी सिस्टरना हाक मारा.

रबमध्ये अल्कोहोल आहे. आमच्या धर्मात चालतं का?

जंतू मारण्यासाठी त्वचेवर लावणं आणि पिणं यांत फरक आहे. मुस्लिम विद्वानांच्या परिषदेनेही औषधी कारणासाठी हे मान्य केलेलं आहे. मनात शंका असेल तर मोकळेपणी विचारा. मनात ठेवून रब टाळू नका.

हात धुण्याने संसर्ग कमी होतो, हे पहिल्यांदा कुणी दाखवलं?

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टरने. तिथे बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या वॉर्डात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. गावातल्या बायका पहिल्या वॉर्डात टाकू नका म्हणून गयावया करत. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र कोलेच्का शवविच्छेदन करताना सुरी लागून वारला, आणि त्याच्या शरीरात बाळंतज्वरासारख्याच खुणा दिसल्या. डॉक्टर शवागारातून थेट बाळंतिणींकडे येत होते. सुईणी येत नव्हत्या. मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या चुन्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यू जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले.

मला त्याहून जास्त लक्षात राहते ती ऑक्टोबरची गोष्ट. गर्भाशयाचा कर्करोग झालेली, स्राव वाहणारी एक बाई पहिल्या बेडवर होती, जिथून राऊंड सुरू व्हायचा. तिला तपासल्यावर सगळे नुसत्या साबणाने हात धुऊन पुढे गेले. तिच्याबरोबरच्या बारा बायकांपैकी अकरा गेल्या. त्यानंतर प्रत्येक रुग्णानंतर क्लोरिन, असा नियम झाला. वॉर्डात शिरताना एकदा हात स्वच्छ करून भागत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

झेमेलवाइसला सहकाऱ्यांना पटवता आलं नाही. १८६५ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो मनोरुग्णालयात वारला.

आणि हल्लीच्या काळात? एवढं करून खरंच फरक पडतो?

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडजवळ रब ठेवला, भिंतींवर पोस्टर लावली, आकडे वॉर्डांना परत दाखवले आणि वरिष्ठांना सोबत घेतलं. १९९४ मध्ये पालन ४८ टक्के होतं, १९९७ मध्ये ६६ झालं. त्याच काळात रुग्णालयात होणाऱ्या संसर्गांचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. शंभर टक्के तिथेही झालं नाही.

५ मे ला आमच्या वॉर्डात काय करावं?

५ मे हा जागतिक हात स्वच्छता दिन, पाचव्या महिन्याची पाच तारीख, हाताच्या पाच बोटांसारखी. तोच दिवस आंतरराष्ट्रीय सुईण दिन म्हणूनही पाळतात. व्हिएन्नाचा दुसरा वॉर्ड आठवला की मला हा योग फार आवडतो. रांगोळी काढा, स्पर्धा घ्या, मावशींना बक्षीस द्या, सगळं करा. त्याच्या आदल्या रात्री मात्र तीन वाजता दोघी जणी वॉर्डात एक फेरी मारा. प्रत्येक बेडपाशी उभं राहून हात लांब करा. बाटली हाताला लागते का, दाबल्यावर त्यातून काही येतं का, एवढंच कागदावर लिहा आणि तो कागद सकाळी कार्यक्रमाला आलेल्या साहेबांच्या हातात द्या.